चिंचवडचे दामोदरपंत चापेकर

सुट्टीच्या दिवशी पिंपरी, चिंचवड व चाकण येथील मुले चित्रपट पाहून परततात, तेव्हा नायकाने एकट्याने वीसजणांस कसे लोळविले व पित्याच्या खुनाचा सूड कसा उगविला, याचा अभिनय करीतच ती घरी येतात. पडद्यावर गोळी सुटते ती वाद्यांच्या तालावर. शत्रू पडतो आणि खेळ संपतो. ज्या चिंचवडच्या चौकात चापेकर बंधूंचे पुतळे उभे आहेत, तेथील मुलांस सूडाची खरी कथा ठाऊक असावी, या हेतूने हे अल्प चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

दामोदर हरि चापेकर यांचा जन्म १८६९ साली चिंचवड येथे झाला. वडील हरिपंत हे कीर्तनकार होते. दामोदर, बाळकृष्ण व वासुदेव हे तिघे पुत्र त्यांना कीर्तनात साथ करीत. दामोदरपंतांस सैन्यात शिरण्याची फार हौस होती, परंतु ती सफल झाली नाही. तेव्हा त्यांनी तरुण मुले जमवून व्यायाम व शस्त्रांचा अभ्यास आरंभिला. स्वभाव करारी, तितकाच तापट. परकीय सत्तेप्रमाणेच समाजसुधारकांविषयीही त्यांच्या मनात रोष असे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

१८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेगने थैमान घातले. बंदोबस्तासाठी नेमलेल्या समितीचे प्रमुख रँडसाहेब होते. रोगी हुडकण्याकरिता गोरे सोजीर घरोघर शिरू लागले. रोग्यास निराळे ठेवणे अवश्य होते, यात शंका नाही. परंतु देवघराचे पावित्र्य व स्त्रियांची अब्रू यांचा मुलाहिजा राखला जात नाही, अशी लोकांची तीव्र तक्रार होती. या तक्रारीतूनच सूडाचा निश्चय झाला.

२२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास ६० वर्षे झाल्याचा समारंभ गणेशखिंडीत झाला. रात्री परतणाऱ्या रँडच्या गाडीवर दामोदरपंतांनी मागून चढून गोळी झाडली. मागच्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्ट बाळकृष्णांच्या गोळीने मरण पावला. रोष होता तो रँडवर. परंतु आधी प्राण गेला तो आयर्स्टचा. रँड ३ जुलैला मरण पावला.

चित्रपट येथे संपला असता. खरी कथा येथे सुरू झाली. सरकारने वीस हजारांचे बक्षीस लाविले. द्रविड बंधूंनी दिलेल्या माहितीवरून दामोदरपंत पकडले गेले व १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यास फाशी गेले. त्याचा सूड म्हणून ८ फेब्रुवारी १८९९ रोजी वासुदेव व महादेव रानडे यांनी द्रविड बंधूंस ठार केले. त्याच वर्षी मे महिन्यात ८ तारखेस वासुदेव, १० तारखेस रानडे व १२ तारखेस बाळकृष्ण फासावर चढले. सुमारे तेरा महिन्यांत एका घरचे तिन्ही पुत्र गेले.

१९७९ साली नचिकेत व जयू पटवर्धन यांनी या घटनेवर मराठी चित्रपट काढिला. ती तारीखच त्याचे नाव आहे. मुलांनी तो पालकांसह अवश्य पाहावा.

आमच्या शाळेत क्षमेचा धडा रोज दिला जातो. म्हणून ही कथा टाळावी असे आम्हांस वाटत नाही. अन्याय पाहून ज्याचे रक्त तापत नाही, त्याच्या क्षमेस तरी काय मोल? दामोदरपंतांनी आपल्या कृत्याची किंमत स्वतःच्या प्राणाने चुकविली, म्हणून त्यांच्या धैर्यास आम्ही वंदन करितो. परंतु एका गोळीने दुसरी, दुसरीने तिसरी कशी ओढून आणिली, हेही विसरू नये. चापेकर चौकातून जाताना विद्यार्थ्यांनी क्षणभर थांबून पुतळे मोजावेत, आणि त्या घरच्या आईचे स्मरण करावे.