आपल्या गणितावर विश्वास

मुलांनो, तुमचे उत्तर बरोबर असूनही सारे हसले, तर तुम्ही काय कराल?

सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचा जन्म १९१० साली लाहोर येथे झाला. १९३० साली बोटीने इंग्लंडला जाताना त्यांनी एक गणित मांडले. इंधन संपलेला तारा आकसून लहान होतो व थांबतो. पण त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून अधिक असेल, तर तो तेथे थांबत नाही; आणखी आकसतो.

१९३५ साली लंडनच्या सभेत थोर शास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी या विचाराची थट्टा केली. लोक हसले. चंद्रशेखर दुखावले; पण त्यांनी गणित सोडले नाही आणि एडिंग्टन यांच्याविषयीचा आदरही सोडला नाही.

पुढे ते गणित जगाला पटले. फार जड ताऱ्याचे शेवटी कृष्णविवर बनते, हेही कळले. १९८३ साली चंद्रशेखर यांना नोबेल पारितोषिक मिळाले.