संकटकाळातील सावित्रीबाई

सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात नायगाव नावाचे लहानसे गाव आहे. या गावात ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला. त्यांच्या वडिलांचे नाव खंडोजी नेवसे. १८४० साली त्यांचे लग्न जोतीराव फुले यांच्याशी झाले. त्या वेळी सावित्रीबाई नऊ वर्षांच्या होत्या.

१८४८ साली पुण्यातील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तेथे सावित्रीबाई शिक्षिका झाल्या. ही गोष्ट तुम्हांला ठाऊक आहेच. पण संकटाच्या वेळी लोकांसाठी धावून जाणाऱ्या सावित्रीबाई कशा होत्या, ते आज आपण पाहू.

शाळेच्या कामामुळे लोक रागावले. जोतीराव आणि सावित्रीबाई यांना घर सोडावे लागले. त्या कठीण वेळी उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला. फातिमा शेख या सावित्रीबाईंच्या सहकारी होत्या. १८५६ साली सावित्रीबाई आजारी पडल्या व माहेरी नायगावला राहिल्या. तेथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. कामाचा सारा भार फातिमावर पडला असेल, याची काळजी त्या पत्रात दिसते. संकट आले की एकटा माणूस पुरा पडत नाही. शेजारी आणि सोबती लागतात. सावित्रीबाईंना हे तेव्हाच कळले होते.

१८७६-७७ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या. गुरे मेली. माणसे गाव सोडून निघाली. सत्यशोधक समाजाने ठिकठिकाणी अन्नछत्रे उघडली. पुण्याजवळ धनकवडी येथे भुकेल्या मुलांची जेवणाची सोय केली. सावित्रीबाई जुन्नर भागात ओतूर येथे काम करीत होत्या. तेथे दंगा झाला आणि काही कार्यकर्त्यांना अटक झाली. सावित्रीबाई घाबरून घरी बसल्या नाहीत. त्या स्वतः कलेक्टरांना भेटल्या व खरी परिस्थिती सांगितली. कार्यकर्ते सुटले. शिवाय लोकांसाठी चार गाड्या ज्वारी मिळाली. ही हकीकत त्यांच्या १८७७ च्या पत्रात आहे.

१८९० साली जोतीराव वारले. तरीही सावित्रीबाईंचे काम थांबले नाही.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. थोड्याच दिवसांत ती पुण्यात पोचली. रोग्याला जोराचा ताप येई. काखेत किंवा जांघेत गाठ येई. काही दिवसांतच माणूस दगावे. लोक फार घाबरले. रुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही, असे त्यांना वाटे. म्हणून ते रोग्याला घरातच लपवीत. त्यामुळे रोग अधिकच पसरे.

सावित्रीबाईंचे दत्तक पुत्र यशवंत हे डॉक्टर होते. सावित्रीबाईंनी त्यांना बोलावून घेतले. पुण्याबाहेर, हडपसरजवळच्या माळावर दवाखाना सुरू केला. दाट वस्तीपासून दूर, मोकळ्या हवेत रोग्यांना ठेवले. त्यामुळे रोग्यांची नीट देखभाल होऊ लागली. सावित्रीबाई स्वतः रोगी शोधून आणीत. त्यांचे वय तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते.

एके दिवशी मुंढव्याच्या दलित वस्तीत एक मुलगा प्लेगने आजारी असल्याचे त्यांना कळले. सावित्रीबाई तेथे गेल्या. त्यांनी मुलाला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. या कामातच त्यांना प्लेगची लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हा शोध १८९८ साली लागला. म्हणजे सावित्रीबाई वारल्या, तेव्हा हे कोणालाच नीट माहीत नव्हते. पुढे सातारा जिल्ह्यातही प्लेग पसरला. तोपर्यंत लोक अनुभवाने शहाणे झाले होते. घरात उंदीर मरून पडू लागले, की लोक गाव सोडून शिवारात झोपड्या बांधून राहात. त्यामुळे अनेकांचे प्राण वाचले.

मुलांनो, आज प्लेगवर औषधे आहेत. ती वेळेवर मिळाली, तर रोगी बरा होतो. पण संकटे संपलेली नाहीत. सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेला महापूर आला. माण, खटाव, जत या तालुक्यांनी अनेक दुष्काळ सोसले आहेत. म्हणून प्रत्येक घराने आधीच तयारी ठेवावी. पिण्याचे पाणी झाकून ठेवावे व शंका असल्यास उकळून प्यावे. कोरडा खाऊ, विजेरी, रोजची औषधे आणि महत्त्वाची कागदपत्रे एका पिशवीत ठेवावीत. साथीत आजार लपवू नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रोग्याची सेवा करताना तोंडावर मास्क बांधावा आणि साबणाने हात धुवावेत. मेलेल्या उंदराला हात लावू नये. आरोग्य केंद्रात कळवावे. पुराचा इशारा मिळाला, की वेळ न घालवता उंच जागी जावे. जाताना शेजारच्या म्हाताऱ्या व आजारी माणसांनाही सोबत न्यावे.

सावित्रीबाईंजवळ धैर्य होते, पण त्या काळी पुरेसे ज्ञान नव्हते. आपल्याजवळ ज्ञान आहे. त्याला त्यांच्या धैर्याची जोड दिली, तर संकटात आपले घर वाचेल आणि शेजाऱ्याचेही.

शब्दार्थ
साथ – एकाच वेळी अनेकांना होणारा रोग, वबा
दगावणे – मरणे
अन्नछत्र – फुकट जेवण मिळण्याची जागा
पिसू – उंदराच्या अंगावरील बारीक किडा
शिवार – गावाची शेतजमीन

स्वाध्याय
१. सावित्रीबाईंना कठीण वेळी कोणी आसरा दिला?
२. लोक प्लेगच्या रोग्याला का लपवीत?
३. दवाखाना पुण्याबाहेर सुरू केल्याने कोणता फायदा झाला?
४. तुमच्या घरी संकटासाठी कोणती तयारी आहे? घरच्यांना विचारून पाच वाक्ये लिहा.