एका ठिणगीचा जनक : चार्ल्स केटरिंग

जुने पिकअप ट्रक जिवापाड जपणारे अनेक अमेरिकी मालक गाडी चोरीला जाऊ नये म्हणून एक साधा उपाय करतात. डॅशबोर्डखाली किंवा आसनामागे, परक्याच्या नजरेस पडणार नाही अशा ठिकाणी, ते एक छोटे बटण दडवून ठेवतात. किल्लीच्या स्विचपासून इग्निशन कॉइलकडे जाणारी तार या बटणातून नेलेली असते. बटण बंद असले, की स्टार्टर घरघरतो. पण इंजिन काही सुरू होत नाही. गाडी नादुरुस्त आहे असे समजून चोराने काढता पाय घ्यावा, ही त्यामागची अपेक्षा. ज्या विद्युतमंडलात असा खंड पाडला जातो ते मंडल आणि तो घरघरणारा विजेचा स्टार्टर, या दोन्ही गोष्टी मोटारीला देणारा माणूस एकच होता. त्याचे नाव चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग.

२९ ऑगस्ट १८७६ रोजी ओहायो राज्यातील लाउडनव्हिलजवळच्या एका शेतकरी कुटुंबात केटरिंग यांचा जन्म झाला. दृष्टीच्या दुखण्याने त्यांचे शिक्षण वारंवार खंडित झाले. मधल्या काळात त्यांनी शाळेत शिकवले, टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या कामगारांबरोबर कामही केले. विद्युत अभियांत्रिकीची पदवी हाती आली तेव्हा, म्हणजे १९०४ मध्ये, ते अठ्ठावीस वर्षांचे होत आले होते. त्यानंतर डेटन येथील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत त्यांनी गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर जोडली. या मोटरला क्षणभरच जोर लावायचा असतो, त्यामुळे ती लहान असली तरी भागते, हे त्यांच्या ध्यानात आले. पुढे हीच जाण त्यांच्या कीर्तीचा पाया ठरली.

सहकारी एडवर्ड डीड्स यांच्या घरामागील कोठारात केटरिंग आणि त्यांचे मित्र फावल्या वेळात मोटारीच्या इग्निशनवर काम करीत. त्यातूनच १९०९ मध्ये डेल्को ही कंपनी उभी राहिली. बॅटरीचा प्रवाह कॉइलमधून न्यायचा, पॉइंट उघडताच तो तोडायचा आणि त्या क्षणी निर्माण होणारा उच्च दाब डिस्ट्रिब्युटरमार्फत स्पार्क प्लगपर्यंत पोहोचवायचा, अशी ही रचना होती. कॅडिलॅकने १९१० च्या गाड्यांसाठी केटरिंग यांची इग्निशन रचना स्वीकारली. पॉइंटची ही पद्धत पुढे १९७० च्या दशकापर्यंत बहुतेक मोटारींत टिकून राहिली.

त्या काळी गाडी सुरू करायची म्हणजे समोर उभे राहून हँडल मारावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला, तर मनगट मोडण्याची भीती असे. केटरिंग यांनी गल्ल्याच्या मोटरचे तत्त्व इथे वापरले आणि १९१२ च्या कॅडिलॅकवर विजेचा स्टार्टर आला. ताकदीची अट संपली आणि स्त्रियांना व वृद्धांना मोटार सहज चालवता येऊ लागली. मात्र सोयीला माणसाची पारख नसते. मालकाचे श्रम वाचले, तसे चोराचेही वाचले. दडवलेल्या बटणाची गरज या सुलभतेच्याच पोटी जन्मली.

हे बटण बसवतानाही तारतम्य लागते. कॉइलच्या तारेतील बटण चुकून धक्का लागून बंद झाले, तर धावती गाडी रस्त्यातच थांबू शकते. म्हणून कित्येक जण ते स्टार्टरच्या रिलेकडे जाणाऱ्या बारीक तारेत बसवणे पसंत करतात. त्यामुळे चालू इंजिनाला बाधा येत नाही.

१९२० पासून १९४७ पर्यंत केटरिंग जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. या पर्वाला एक काळी किनार आहे. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या थॉमस मिजली यांना डिसेंबर १९२१ मध्ये आढळले, की शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये मिसळल्यास इंजिनाची ठोकर थांबते. शिसे विषारी आहे, हे तेव्हाही ठाऊक होते. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात हे संयुग हाताळणारे कामगार मृत्युमुखी पडले. तरीही विक्री थोड्या काळाच्या खंडानंतर पुन्हा सुरू झाली. भारतातून शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये हद्दपार झाले. जगात मोटारींसाठी त्याची विक्री थांबायला मात्र २०२१ उजाडले.

२५ नोव्हेंबर १९५८ रोजी केटरिंग यांचे निधन झाले. न्यूयॉर्कमधील कर्करोग संशोधन संस्थेशी त्यांचे नाव आजही जोडलेले आहे. मोटार सुरू करणे त्यांनी कोणाच्याही हातात आणून ठेवले. त्यांची इग्निशन रचना थांबवायला एका तारेतील छोटासा खंड पुरतो. शिशाचे तसे नव्हते. हवेत मिसळलेले विष थांबवणारे बटण त्यांनी केले नव्हते आणि जगाला ते सापडायला एक शतक लागले.