डॉ. वाल्डेमार हाफकिन

मुंबईस परळ येथें जुन्या गव्हर्नमेंट हाउसच्या इमारतींत हाफकिन इन्स्टिट्यूट ही संस्था आहे. तिचें नांव आपल्याकडे बहुतेकांनीं ऐकिलेलें असतें. पण हें नांव ज्यांचें, ते गृहस्थ कोण व कोठचे, आणि आपल्या लोकांसाठीं त्यांनीं काय सोसलें, असें विचारल्यास वर्गांतील हुशार विद्यार्थीही घुटमळतात. म्हणून त्यांचें अल्प चरित्र आम्हीं येथें देण्याचें योजिलें आहे.

हाफकिन यांचा जन्म इ. स. १८६० सालीं काळ्या समुद्राच्या कांठीं ओडेसा शहरांत एका यहूदी कुटुंबांत झाला. ओडेसा तेव्हां रशियन बादशाहींत मोडत होतें. तेथील विद्यापीठांत विख्यात प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉफ हे त्यांचे गुरु होते. पुढें अध्यापकाची जागा मिळण्याचा योग आला; अट एवढीच होती कीं, त्यांनीं रशियन ख्रिस्ती मंडळींत प्रवेश करावा. त्यांनीं ती मान्य केली नाहीं. आम्ही स्वतः ख्रिस्ती आहों, आणि म्हणूनच आम्हांस वाटतें कीं, पगाराचें आमिष दाखवून मागितलेली श्रद्धा ही श्रद्धाच नव्हे. हाफकिन यांनीं केलें तें योग्यच केलें. १८८८ सालीं त्यांनीं मायदेश सोडला. पुढील वर्षीं पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्यें त्यांना जागा मिळाली ती सहाय्यक ग्रंथपालाची. तीच पत्करून उरल्या वेळांत त्यांनीं जंतुशास्त्राचे प्रयोग चालविले. १८९२ च्या जुलैंत त्यांनीं पटकीवरील लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली, आणि १८९३ सालीं ते हिंदुस्थानांत आले. दोन-अडीच वर्षांत सुमारें ४२,००० लोकांना त्यांनीं ही लस टोंचली.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस ह्या गोमंतकीय डॉक्टरांनीं प्लेगचा रोगी ओळखला. पाहतां पाहतां सांथ पसरली व लोक शहर सोडून पळूं लागले. ऑक्टोबरांत हाफकिन मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांना मिळाली एक खोली व एक पडवी; हाताखालीं एक कारकून आणि तीन पट्टेवाले. एवढ्या सामग्रीवर त्यांनीं काम आरंभिलें. प्लेगचे जंतु मांसरसांत वाढवावयाचे, तर गाईचें किंवा डुकराचें मांस वापरल्यास लोकांच्या धर्मभावना दुखावतील. म्हणून त्यांनीं बकऱ्याचें मांस घेतलें. रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, तों जंतूंचीं पुंजकीं त्या थेंबांखालीं गुहेंतील चुनखडीच्या लोंबत्या खांबांप्रमाणें वाढूं लागलीं. (आपल्या घरच्या तुपाचा असा उपयोग होईल, हें कोणाच्या स्वप्नीं तरी आलें असतें काय!) मग उष्णता देऊन हे जंतु मारले, म्हणजे लस तयार. तीन महिने रात्रंदिवस राबून १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं ती स्वतःच्या शरीरांत टोंचून घेतली. तीही सामान्य मात्रेच्या तिपटीहून अधिक. त्यांना ताप भरला, टोंचलेली जागा दुखूं लागली, पण अपाय झाला नाहीं.

त्याच महिन्यांत भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. कैद्यांपैकीं जे राजीखुशीनें पुढें आले त्यांना लस दिली. लस न घेतलेल्या १७२ जणांपैकीं १२ आजारी पडले व ६ मेले. घेतलेल्या १४७ जणांपैकीं दोघेच आजारी पडले व एकही दगावला नाहीं. लस सर्वस्वी अमोघ नव्हती, आणि तिनें ताप येई; तरी मृत्यूचें प्रमाण तिनें पुष्कळ घटे. लोकांचें भय घालविण्यासाठीं आगाखान यांनीं सर्वांसमक्ष टोंचून घेतलें. १८९९ सालीं प्रयोगशाळा परळच्या इमारतींत आली.

यानंतर तीन वर्षांनीं घोर प्रसंग ओढवला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुल्कोवाल ह्या खेड्यांत १०७ जणांना लस टोंचली. त्यांपैकीं १९ जणांना धनुर्वात होऊन ते सर्व मरण पावले. एकोणीस घरांचा तो आकांत केवढा असेल! हे एकोणीसही जण एकाच बाटलींतून टोंचलेले होते. इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांपैकीं कोणासही धनुर्वात झाला नाहीं. चौकशी मंडळानें दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेविला. हाफकिन यांनीं लस करण्याच्या नव्या पद्धतींत कार्बोलिक ॲसिड वगळलें होतें, हें कारण पुढें करण्यांत आलें. त्यांना कामावरून दूर केलें व ते युरोपांत परतले. वास्तविक ती बाटली उघडतांना तेथील मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट शुद्ध न करितां त्यानेंच बूच काढलें होतें. धनुर्वाताचे जंतु मातींत असतात, हें शाळेंतील मुलांसही ठाऊक आहे. ही गोष्ट साक्षींत आली असूनही तिचें वजन पडावयास वर्षांमागून वर्षें लोटलीं. आपल्याकडील चौकशींत दोष देण्याची जी घाई झाली, ती आम्हांस अद्यापि सलते.

१९०७ सालीं रोनाल्ड रॉस प्रभृति दहा शास्त्रज्ञांनीं लंडनच्या टाइम्स पत्रांत हाफकिन यांची बाजू मांडली. त्याच वर्षीं सरकारनें त्यांना दोषमुक्त केलें, व ते पुनः हिंदुस्थानांत आले. पण मुंबईची जागा भरून गेली होती; त्यांना कलकत्त्यास जावें लागलें, आणि पहिल्यासारखें काम तेथें मिळालें नाहीं. पहिलें महायुद्ध सुरू झालें त्या सुमारास ते निवृत्त झाले.

परळच्या प्रयोगशाळेस त्यांचें नांव १९२५ सालीं दिलें गेलें. तेव्हां ते हयात होते, एवढें तरी बरें. २६ ऑक्टोबर १९३० रोजीं स्वित्झर्लंडांतील लोझान येथें ते निवर्तले.