लोखंडी नांगराची भीती

बचत गटाच्या कामानं बदनापूरकडच्या एका गावात गेले होते. कडबाकुट्टीच्या मशीनसाठी कर्ज काढू म्हटलं, तर बायका गप्प. विळ्यानं हात कापले तरी चालतील, पण मशीनवर भरवसा नाही! तेव्हा मला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवले.

१८६९ साली बेळगाव जिल्ह्यात त्यांचा जन्म. मुंबईला चित्रकला शिकायला गेले, पण काही रंग नीट ओळखूच येईनात. मग यंत्रांची चित्रं काढायला शिकले, पुढे तेच शिकवलं. बेळगावात भावासोबत सायकलचं दुकान टाकलं. त्यातूनच पुढं कडबा कापायचं यंत्र अन् लोखंडी नांगर आला. शेतकऱ्यांना वाटलं, लोखंडानं जमिनीत विष कालवलं जाईल. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली म्हणे! दुसऱ्या कुणी कारखाना मोडला असता.

बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी कुंडलजवळचा माळ दिला. निवडुंग अन् साप तिथं भरपूर. १९१० साली तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९५६ मध्ये लक्ष्मणराव गेले, तोवर त्यांचे नांगर गावोगाव पोचले होते.

पुढच्या बैठकीत बायकांना हे सगळं सांगितलं. मशीन अजून आलेलं नाही. दोघींनी किंमत तेवढी विचारली.