भोंग्यासमोरचा कुत्रा

भारतीय रेल्वेचा हत्ती, भोलू गार्ड, आपल्याला माहितीये. पण आजोबांच्या जुन्या रेकॉर्डवर भोंग्यासमोर कान देऊन बसलेला तो कुत्रा? तो खराखुरा होता. नाव निपर. पाहुण्यांच्या पायांना चावायचा, म्हणून निपर!

त्याला घराघरात नेणारा चित्रकार फ्रान्सिस बॅरॉड १८५६ साली लंडनमध्ये जन्मला. भाऊ मार्क १८८७ मध्ये वारला आणि त्याचा निपर फ्रान्सिसकडे आला. फोनोग्राफ सुरू झाला की हा पठ्ठ्या मान तिरकी करून ऐकत बसायचा. १८९५ मध्ये निपर गेला, पण ते दृश्य बॅरॉडच्या डोक्यातून जाईना. शेवटी त्याने ते रंगवलं. चित्र मात्र कुणी घेईना.

१८९९ मध्ये चित्रातला काळा भोंगा उजळ करावा म्हणून तो ग्रामोफोन कंपनीत पितळी भोंगा उसना मागायला गेला. मॅनेजर ओवेनने चित्रच घ्यायची तयारी दाखवली. अट एकच, फोनोग्राफ पुसून तिथे कंपनीचा ग्रामोफोन काढायचा. बॅरॉडने काढला. चित्राचे ५० पौंड, हक्कांचे ५० पौंड. विषय संपला.

कुत्रा जगभर गेला. कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांच्या एचएमव्हीच्या रेकॉर्डवरही तोच. बॅरॉड मात्र कंपनीसाठी त्याच चित्राच्या प्रती काढत राहिला, एकूण २४. उतारवयात कंपनीने पेन्शन दिली. १९२४ मध्ये तो गेला.

कलानिकेतनच्या दोस्तांनो, लोगोचं काम घेताना हक्कांचा कागद आधी नीट वाचा.