ना. म. जोशी : सेवेकडून संघटनेकडे

मुंबईला जाणाऱ्या आपल्या मंडळींना लोअर परळचा ना. म. जोशी मार्ग ठाऊक असतो. हे जोशी कोण, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत आम्ही त्यांचे स्मरण करीत आहोत.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म १८७९ साली कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचा. बी.ए. होऊन काही वर्षे त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. १९०९ मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. लीगने कामगार वस्तीत रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने चालवले. कामगारांचे त्यात भले झाले, पण पगार आणि कामाचे तास मालकच ठरवीत राहिले.

तेव्हा कामगारांनी एकत्र येऊन स्वतः बोलणी करावीत, या मार्गाकडे जोशी वळले. १९२० मध्ये मुंबईत आयटक स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. त्याच वर्षी मद्रासच्या बिन्नी गिरणीने कामगार पुढाऱ्यांवर दावा लावून कोर्टाचा मनाई हुकूम मिळवला. संघटना करणेच धोक्याचे ठरले. जोशींनी १९२१ मध्ये केंद्रीय विधिमंडळात कामगार संघांच्या नोंदणीचा व संरक्षणाचा ठराव मांडला. त्यातून १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला. त्याच वर्षी त्यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत गिरणी कामगारांची युनियन उभी राहिली.

स्वभावाने ते मवाळ. १९२८ चा सार्वत्रिक संप त्यांना आधी पसंत नव्हता. संप सुरू झाल्यावर मात्र ते कम्युनिस्टांबरोबर संयुक्त संप समितीत बसले. संप सुमारे सहा महिने चालला. पुढच्याच वर्षी नागपूर अधिवेशनात मतभेद होऊन जोशी आयटकमधून बाहेर पडले. पुढे एकी झाली आणि १९४० मध्ये ते पुन्हा सरचिटणीस झाले. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले.

आम्ही सरकारी नोकर. आमच्याही संघटना दिनदर्शिका काढतात, गुणवंत मुलांचा सत्कार करतात. ते जरूर करावे. पण वेतन आयोगाची थकबाकी किंवा पेन्शनचा प्रश्न आला की सभासद किती आणि वर्गणी किती जणांनी भरली, हेच आधी पाहिले जाते. जोशींनी लीगचे काम न सोडता युनियन उभी केली. आम्हालाही दोन्ही करावे लागेल.